स्क्रीन नसलेला, हातातल्या कंट्रोलरवरचा सामूहिक खेळ कसा घडवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आठ जणांनी एका खोलीत खेळायचा खेळ करायचा आहे. प्रत्येकाच्या हातात हालचाल ओळखणारा कंट्रोलर, आवाजासाठी एक स्पीकर, आणि स्क्रीन अजिबात नाही. पहिला नमुना तयार आहे. त्यात तालावर कंट्रोलर हलवायचा, ताल जमला की गुण मिळतात आणि शेवटी आवाजातच निकाल सांगितला जातो. सगळं नीट चालतं, तरी खेळणारे आपापल्या कंट्रोलरकडे बघत उभे राहतात, बाजूच्यांना काय चाललंय ते कळत नाही, आणि दोन फेऱ्यांनंतर कुणी पुन्हा खेळायला येत नाही. कुठे काय बदलावं?

ताल आणि गुण मोजण्याची पद्धत तूर्तास बाजूला ठेवा. तुमच्या नमुन्यात आठ माणसं आठ वेगळे खेळ खेळत आहेत, प्रत्येक जण एकेकटा संगणकाशी. याची सोपी कसोटी आहे: फेरी चालू असताना एका खेळाडूला खोलीबाहेर पाठवा आणि उरलेल्यांच्या हालचालीत काही फरक पडतो का बघा. तुमच्याकडे पडणार नाही. स्क्रीन गेली, पण माणसाचं लक्ष अजून यंत्राकडेच आहे. फक्त ते डोळ्यांऐवजी कानांनी दिलं जातंय. स्क्रीन काढून टाकण्याचा खरा लाभ म्हणजे माणसाची नजर मोकळी होते. ती दुसऱ्या माणसावर पडेल, त्याच्या पावलांकडे, खांद्याकडे, डोळ्यांकडे बघावंच लागेल, असं कारण नियमांतून मिळायला हवं. हे कारण सापडलं की अर्धं काम झालं. ते सापडेपर्यंत आवाज सुधारून, दिवे वाढवून काही उपयोग होत नाही.

या प्रकारातलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे 'योहान सेबास्टियन जाउस्ट'. डग्लस विल्सन आणि 'डी गूटे फाब्रिक' या डॅनिश स्टुडिओने तो २०११ मध्ये पुढे आणला, आणि २०१४ मध्ये 'स्पोर्ट्सफ्रेंड्स' या संग्रहातून तो प्लेस्टेशनवर आला. प्रत्येकाच्या हातात प्लेस्टेशन मूव्ह, म्हणजे टोकाला रंगीत दिव्याचा गोळा असलेला कंट्रोलर. आपला कंट्रोलर जोरात हलला की आपण बाद. शेवटी उरेल तो जिंकला. पार्श्वभूमीला जर्मन संगीतकार बाखच्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोचं संगीत वाजत असतं. ते संथ असतं तेव्हा कंट्रोलर कमालीचा हळवा असतो, आणि संगीत वेगात धावू लागलं की काही क्षण मोकळीक मिळते. लिंबू-चमच्याच्या शर्यतीत दुसऱ्याचं लिंबू पाडायची परवानगी दिली तर जे घडेल तेच इथे घडतं: माणसं एक हात जपून मागे धरतात, दुसरा हात पुढे करतात, आणि एकमेकांभोवती फिरू लागतात.

आता यात संगणकाला काय काय माहीत असतं ते मोजा. कुठला कंट्रोलर किती हिसकला, एवढंच. कोण कुठे उभं आहे, कुणी कुणाला ढकललं, कुणी कुणाशी गुपचूप हातमिळवणी केली, यातलं त्याला काहीही कळत नाही. तरी खेळ भरगच्च वाटतो, कारण तो सगळा माणसांच्या मध्ये आहे. मला या जातीच्या खेळांबद्दल सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच: संगणकाने एकच गोष्ट मोजावी, ती बिनचूक मोजावी, आणि बाकी मैदान माणसांना मोकळं सोडावं. मोजायची गोष्टही अशी निवडावी की ती दुसऱ्या खेळाडूला बिघडवता येईल. कंट्रोलर स्थिर ठेवणं दुसऱ्याला बिघडवता येतं. तुमच्या नमुन्यातला ताल ज्याचा त्याने सांभाळायचा असतो, दुसऱ्याचा तिथे हात पोचत नाही. म्हणून तो खेळ एकेकट्याचा होतो.

यावर नेहमी एक आक्षेप येतो: संगणकाला इतकं कमी कळत असेल तर लोक फसवतील. फसवतील, आणि ते चांगलं आहे. २०१० चा 'बटन' नावाचा खेळ बघा. तो कोपनहेगन गेम कलेक्टिव्हचा, आणि त्यातही विल्सन होते. त्यात खेळाडूंनी कंट्रोलर खाली ठेवून काही पावलं मागे जायचं आणि इशारा मिळाला की झडप घालायची. किती पावलं मागे गेलात हे यंत्राला तपासताच येत नाही. ते एकमेकांनी बघायचं, हरकत घ्यायची, भांडायचं, हसायचं. विल्सन यांनी कोपनहेगनच्या आयटी विद्यापीठातल्या पीएचडी संशोधनातही हीच दिशा धरली: वाद घालण्यातच मजा असते आणि त्या मजेसाठी रचना करता येते. नियमातली फट दिसली की सॉफ्टवेअरने ती बुजवायची घाई करू नका. आधी ती फट माणसं कशी वापरतात ते बघा.

सगळ्याच फटी मात्र सारख्या नसतात. 'कंट्रोलर पाठीमागे लपवला', 'दोघांनी मिळून तिसऱ्याला घेरलं' या फटींनी खेळ रंगतो. 'कंट्रोलर टेबलावर ठेवून दिला' या फटीने तो मरतो, कारण त्यापुढे कुणी हालत नाही. पहिल्या जातीची फट ठेवा. दुसऱ्या जातीसाठी बहुधा 'कंट्रोलर हातातच हवा' हे एक तोंडी वाक्य पुरतं. तांत्रिक उपाय हवाच असेल तर तोही आहे. माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. त्याची नैसर्गिक थरथर साधारण सेकंदाला ८ ते १२ वेळा होते. टेबलावरच्या कंट्रोलरमध्ये ती सापडत नाही. काही सेकंद ती दिसली नाही तर दिवा हळूहळू मंद करा. बाद करू नका. दिवा मंद झालेला बाकीच्यांना दिसतो आणि पुढचं ते बघून घेतात.

स्क्रीन नसली की खेळाडूपर्यंत माहिती पोचवायचे मार्ग तीन उरतात: आवाज, दिवा आणि व्हायब्रेशन. नवीन लोक हे तिन्ही एकाच कामाला लावतात, म्हणजे बाद झालं की आवाज, दिवा, व्हायब्रेशन सगळं एकदम. बाद होण्याच्या क्षणी ते ठीकच आहे. पण तिघांचा स्वभाव वेगळा आहे, आणि तो ओळखला की खेळाच्या कल्पना आपोआप सुचू लागतात. आवाज सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येतो, म्हणून तो सगळ्यांना लागू असलेली स्थिती सांगायला योग्य: आत्ता नियम कडक आहे की सैल, फेरी संपत आलीय का. दिवा एका माणसाचा असतो पण सगळ्यांना दिसतो, म्हणून तो त्या माणसाबद्दलची उघड गोष्ट सांगतो: हा कुठल्या गटात, हा जिवंत आहे का, हा धोक्यात आहे का. व्हायब्रेशन एकाच हाताला कळतं. म्हणजे ते गुपित आहे.

गुपित फार मोलाचं आहे आणि बहुतेक जण ते वाया घालवतात. फेरीच्या सुरुवातीला एकाच हाताला सांगा की तू फितूर आहेस. किंवा दोघांनाच सांगा की पुढची दहा सेकंदं तुमच्यासाठी नियम सैल आहे. लगेच सगळे एकमेकांच्या चेहऱ्यांकडे बघू लागतात. 'जाउस्टमेनिया' हा मुक्त स्रोत प्रकल्प रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर चालतो आणि त्यात छुप्या लांडग्यांचा असा एक प्रकार आहे. तो अभ्यासण्यासारखा आहे. एक बारकावा लक्षात ठेवा. शांत खोलीत व्हायब्रेशनची मोटर ऐकू येते. एकट्या फितुराचा कंट्रोलर थरथरला तर शेजाऱ्याला लगेच कळतं. म्हणून सगळ्यांचे कंट्रोलर एकदमच थरथरवा, आणि फरक फक्त थरथरीच्या नक्षीत ठेवा: इतरांना एक लांब, फितुराला दोन तुटक. वर त्याच वेळी स्पीकरवर एखादा जाडसर आवाज वाजवा.

दिव्यांबाबत दोन गोष्टी. पुरुषांपैकी अनेकांना, काही समाजांत दर बारांतल्या सुमारे एकाला, लाल-हिरव्या रंगांत फरक करणं अवघड जातं. दोन गट करायचे तर निळा आणि नारिंगी घ्या, आणि जिथे जमेल तिथे रंगासोबत लुकलुकण्याची पद्धतही वेगळी ठेवा. पण सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा झगझगीत लुकलुक करू नका. प्रकाशामुळे झटके येणाऱ्यांना त्याचा धोका असतो, आणि आठ गोळे अंधाऱ्या खोलीत एकदम चमकले तर परिणाम मोठा असतो.

आता हिसका मोजण्याकडे येतो, कारण खेळ न्याय्य वाटतो की नाही हे इथे ठरतं. अॅक्सेलरोमीटर हा कंट्रोलरमधला सेन्सर तीन अक्षांवरचं त्वरण, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतोय ते, देतो. स्थिर असतानाही त्यात गुरुत्वाकर्षण असतं, म्हणजे एकूण परिमाण १ जी (जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण). तिन्ही आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्या आणि ते १ पासून किती दूर गेलं ते बघा. दोन्ही बाजूंनी दूर जाणं मोजा. कंट्रोलर झपकन खाली नेला तर परिमाण १ च्या खाली जातं, आणि फक्त वरची मर्यादा तपासणारा कोड ही हालचाल फुकट सोडून देतो. एकूण परिमाण वापरण्याचा आणखी एक फायदा आहे: कंट्रोलर कसाही धरला, हळूहळू कसाही वळवला तरी आकडा तोच राहतो. खेळाडूला 'असाच धरा' असं सांगावं लागत नाही.

कच्चा आकडा सरळ मर्यादेशी ताडू नका. एखादं बिघडलेलं मोजमाप आलं की निष्पाप माणूस बाद होतो, आणि असा अन्याय लोक विसरत नाहीत. उलट, आकडा फार गुळगुळीत केला तर दुसऱ्याने मारलेली टपली त्यात विरून जाते. टपलीचा धक्का अगदी थोडे मिलिसेकंद टिकतो. सेकंदाला शंभरच्या आसपास मोजमापं येत असतील तर शेवटच्या तीन किंवा पाच आकड्यांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्यावा. सरासरीत एकटं खोटं टोक सगळीकडे पसरतं; मध्यकात ते गळून पडतं, आणि खरी टपली दोन-तीन मोजमापं टिकते म्हणून ती उरते. मर्यादा सुरुवातीला संथ काळात १ जीपासून सुमारे अर्ध्या जीचं अंतर आणि वेगवान काळात दीड जी, एवढ्यावर ठेवा आणि तिथून हाताने जुळवत जा. जुळवण्याआधी सेन्सरची कमाल मर्यादा तपासा. काही सेन्सर प्रत्येक अक्षावर २ जीच्या पुढे मोजतच नाहीत, आणि अशा वेळी एकाच अक्षावरच्या धक्क्याने तुमची वरची मर्यादा कधी गाठलीच जात नाही. अॅक्सेलरोमीटरला जागच्या जागी मनगट फिरवणं फारसं दिसत नाही. तेही पकडायचं असेल तर जायरोस्कोपची, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची, मदत घ्या. पण आधी विचार करा, तुमच्या खेळाला ते पकडायची खरंच गरज आहे का.

मर्यादेच्या अलीकडे इशाऱ्याचा एक पट्टा ठेवा. तिथे आकडा पोचला की दिवा फडफडतो आणि हाताला हलकी थरथर जाणवते. यामुळे माणसाला बाद होण्याआधीच कळतं की आपण काठावर आहोत, आणि बाद झाल्यावर तो यंत्राला दोष देत नाही. दुसरा फायदा त्याहून मोठा: काठावर आलेल्याचा दिवा बाकीच्यांना दिसतो, आणि सगळे त्याच्याकडे वळतात. एका छोट्या फडफडीतून अख्ख्या खोलीची दिशा बदलते. एवढ्या कमी कोडमध्ये एवढं नाट्य दुसरं काही देत नाही.

सैल आणि कडक काळ बदलताना एक शिस्त पाळा. सैल होणं तत्काळ लागू करा, कडक होणं मात्र उशिरा. संगीत मंदावलं त्याच क्षणी मर्यादा खाली आणली तर जो झेप घेऊन हवेत आहे तो बाद होतो, आणि त्याने ऐकून थांबायचं ठरवलं तरी शरीर थांबायला वेळ घेतं. आवाज ऐकून प्रतिक्रिया द्यायलाच माणसाला सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा लागतो. धावतं शरीर आवरायला त्याहून जास्त. संगीत मंद होऊ लागल्यावर अर्धा ते एक सेकंद सवलत द्या आणि मग मर्यादा उतरवा. बदल कधी होणार हे ठरावीक अंतराने ठेवू नका, नाहीतर लोक मनात मोजू लागतात. संगीताचा वेग बदलताना स्वरही वर-खाली होऊ द्यावा असं माझं मत आहे. स्वर तसाच ठेवून फक्त वेग बदलणारी तंत्रं आहेत, पण गोंगाटात, हसण्याच्या आवाजात, स्वर चढल्याचं कानाला फार लवकर कळतं.

बाद झालेल्यांचं काय करायचं, हा प्रत्येक 'शेवटी उरेल तो' प्रकारच्या खेळाचा जुना दुखरा भाग आहे. साधा उपाय म्हणजे फेरी एक-दीड मिनिटात संपवणं. मग वाट बघणं जाचत नाही, उलट बाद झालेले पंच होतात, ओरडतात, पैजा लावतात. आठ जणांत हे पुरतं. त्याहून जास्त असतील तर बाद झालेल्यांना खेळावर पुसट सत्ता द्या. समजा, बाद झालेले सगळे मिळून कंट्रोलर जोरात हलवू लागले की संगीत वेगवान होतं, आणि ते थांबले की मंदावतं. त्यांना कुणा एकाला जिंकवता येत नाही, पण वातावरण तापवता येतं. कुणाला जिंकवायची थेट ताकद मात्र देऊ नका. शेवटचा विजेता बाद झालेल्यांच्या मर्जीने ठरू लागला की जपून खेळण्यात अर्थ उरत नाही.

ज्या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं तो म्हणजे दोन फेऱ्यांमधला वेळ. स्क्रीन नसलेल्या खेळाला मेनू नसतो, आणि मग लोक गुपचूप एक लॅपटॉप कोपऱ्यात ठेवतात आणि प्रत्येक फेरीनंतर कुणीतरी तिथे धावत जातं. खेळाचा जीव तिथेच जातो. सगळं कंट्रोलरवरूनच करता आलं पाहिजे. बटण दाबून धरलं की दिवा पांढरा होतो, म्हणजे मी तयार. सगळे तयार झाले की तीन ठोके आणि सुरुवात. कुणी तयार नसेल तर वीसेक सेकंदांनी त्याला वगळून फेरी सुरू. कुणी कंट्रोलर उलटा धरला तर तो खेळाडू ही फेरी खेळणार नाही असं समजा. हा हावभाव लोकांना न सांगता समजतो. खेळाचा प्रकार बदलायचा तर एका ठरावीक बटणाने बदलावा आणि स्पीकरवर माणसाच्या आवाजात दोन शब्दांत त्याचं नाव यावं. आवाज ध्वनिमुद्रित करा, आणि तो खेळणाऱ्यांच्या भाषेत असू द्या. बॅटरी किती उरली आहे हे फेरी चालू नसताना बटण दाबल्यावर दिव्याच्या रंगातून दाखवा. एक फेरी संपून दुसरी सुरू व्हायला दहा सेकंदांहून जास्त लागू नयेत, कारण 'परत एकदा' असं म्हणण्याची उर्मी तेवढाच वेळ टिकते.

नियम सांगायला एकच वाक्य लागलं पाहिजे. 'तुझा हलला तर तू बाद, दुसऱ्याचा हलव.' याहून लांब वाक्य लागत असेल तर नियमच छाटा.

तांत्रिक बाजूत दोन ठिकाणी लोक अडकतात: उशीर आणि रेडिओ. धक्का बसल्यापासून बाद झाल्याचा आवाज येईपर्यंत शंभर मिलिसेकंदांहून जास्त वेळ गेला तर धक्का आणि परिणाम यांची मनात गाठ बसत नाही. मग 'मी कुठे हललो?' हा वाद सुरू होतो, आणि हा वाद मघाच्या चांगल्या वादांपैकी नाही. म्हणून स्पीकर वायरने जोडा. ब्लूटूथ स्पीकर एकटाच शंभर-दोनशे मिलिसेकंद खातो. ऑडिओचा बफर, म्हणजे वाजवण्याआधी साठवलेला आवाजाचा तुकडा, हाही लहान ठेवा: सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने २,०४८ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे ४६ मिलिसेकंद, तर २५६ चा फक्त ६ च्या आसपास.

रेडिओबद्दल: नेहमीच्या ब्लूटूथमध्ये एका अडॅप्टरला एकाच वेळी सातच उपकरणं सक्रियपणे जोडता येतात. तुम्हाला आठ हवेत, म्हणजे दोन अडॅप्टर लागतील. चार-चार अशी वाटणी करा. ते संगणकाच्या मागे खोचून ठेवू नका. माणसाचं शरीर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी चांगल्याच शोषतं, आणि तुमच्या खेळात संगणक आणि कंट्रोलर यांच्या मध्ये सतत माणसंच असतात. लांब वायरने अडॅप्टर डोक्याच्या उंचीवर न्या. यूएसबी ३ च्या पोर्टांपासूनही ते दूर ठेवा, त्यांचा गोंगाट याच पट्ट्यात येतो. इतकं करूनही जोडणी क्षणभर तुटतेच. तुटली म्हणून खेळाडूला बाद करू नका. अर्धा-एक सेकंद वाट बघा, आणि तरी माहिती आली नाही तर त्याला स्थगित ठेवा.

मूव्ह कंट्रोलर वापरणार असाल तर 'पीएस मूव्ह एपीआय' ही मुक्त लायब्ररी आहे. कंट्रोलर पहिल्यांदा यूएसबी वायरने जोडून त्याला तुमच्या अडॅप्टरचा पत्ता द्यावा लागतो, नंतर तो बिनवायरचा चालतो. दिव्याचा रंग एकदा सांगून भागत नाही. काही सेकंदांत तो पुन्हा पाठवला नाही तर गोळा आपोआप विझतो, आणि खेळाडूला वाटतं आपण बाद झालो. स्वतः कंट्रोलर बांधायचा तर ईएसपी३२ ही बिनवायरची छोटी संगणक-चिप, त्यासोबत एमपीयू-६०५० हा हालचालीचा सेन्सर, रंगीत एलईडी आणि छोटी मोटर एवढं पुरतं. त्या सेन्सरची मर्यादा २ पासून १६ जीपर्यंत बदलता येते. मोबाइल फोन वापरायचा मोह होईल, कारण तो सगळ्यांकडे असतो आणि ब्राउझरमधूनच हालचाल वाचता येते. आयफोनवर त्यासाठी २०१९ पासून वापरकर्त्याने स्वतः स्पर्श करून परवानगी द्यावी लागते, आणि पान सुरक्षित जोडणीवरूनच यावं लागतं. पण मी फोन टाळतो. महागडी काच हातात असली की माणूस ढकलायला आणि ढकलून घ्यायला कचरतो, आणि ती काच पुन्हा नजर खेचून घेते.

कंट्रोलर हातातून सुटतो, हे गृहीत धरा. २००६ मध्ये 'वी' हा हालचालीवर चालणारा गेम कन्सोल बाजारात आल्यावर काहीच आठवड्यांत तो बनवणाऱ्या निन्टेन्डोला मनगटाचे पट्टे जाड करून लाखोंच्या संख्येने बदलून द्यावे लागले होते. पट्टा बांधायला लावा, फरशी निसरडी नको, भिंतीला काच नको, आणि प्रेक्षकांसाठी रेषा आखा. त्याहून नाजूक प्रश्न स्पर्शाचा आहे. कुणाला धरून ढकललेलं चालतं, कुणाला अनोळखी माणसाने दंडाला हात लावलेलाही चालत नाही. फेरीआधी एक वाक्य बोला: फक्त कंट्रोलर आणि कोपराखालचा हात, बाकी शरीर नाही. किंवा स्पर्श पूर्ण वर्ज्य ठेवून हूल देण्यावर, दचकवण्यावर खेळ उभा करा. तोही फार मजेचा होतो. मर्यादा प्रत्येक खेळाडूसाठी वेगळी ठेवता येईल अशी सोय कोडमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा. कुणाचा हात आजाराने थरथरतो, कुणी चाकाच्या खुर्चीवर असतो आणि खुर्चीचा प्रत्येक दणका कंट्रोलरपर्यंत पोचतो. अशा माणसाची मर्यादा दोन बटणांनी सैल करता आली की तो बरोबरीने खेळतो, आणि संथ काळात ताकदीपेक्षा संयम चालतो म्हणून पुष्कळदा जिंकतोही.

आता तुमच्या नमुन्याकडे. ताल टाकून देऊ नका, त्याचं काम बदला. प्रत्येकाच्या हाताला व्हायब्रेशनने एक गुप्त ताल द्या. दोघांचा ताल सारखा, पण तो कुणाचा हे त्यांना ठाऊक नाही. आपला जोडीदार शोधायचा तर आपला ताल थोडासा दाखवावा लागतो, आणि फार दाखवला तर तिसरा त्याची नक्कल करून जोडी फोडतो. दोघांनी कंट्रोलर एकमेकांना टेकवून एकाच ठोक्याला हलवले की जोडी पक्की, दिवे एका रंगाचे. संगणकाने मोजायचं एवढंच: कुठल्या दोन कंट्रोलरना एकाच क्षणी, काही मिलिसेकंदांच्या फरकाने, सारखा धक्का बसला. तुमच्याकडचा तालाचा बहुतेक कोड इथे तसाच उपयोगी पडेल.

चाचणी घेताना खेळाडूंना नंतर प्रश्न विचारण्यापेक्षा त्यांच्या नजरेकडे बघा: ती हातातल्या गोळ्यावर आहे की समोरच्या माणसावर. शिवाय एक फेरी अशा माणसासमोर खेळवा ज्याला नियम सांगितलेलेच नाहीत. दुसऱ्या फेरीच्या शेवटी त्याने तुम्हाला नियम सांगून दाखवले आणि कंट्रोलर मागितला, तर पुढची मेहनत मर्यादा आणि आवाज जुळवण्यात घाला. नाही मागितला तर कोड बंद ठेवा, कंट्रोलरच्या जागी हातात नुसत्या काठ्या घ्या, एका माणसाला संगणक व्हायला सांगा, आणि नियम तसेच खेळून पाहा.